खिडकीमागे जागा नव्हती

भूत, चकवा, हडळ, मुंज्या... यांच्यापैकी कुणाशीही माझी ओळख नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट मी स्वतःच कितीतरी वेळा भूत झालेलो आहे. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकांत पांढरं धोतर गुंडाळून, तोंडाला पावडर थापून स्टेजवर उडी मारली की समोरच्या सतरंजीवरच्या बाया पोरांना पोटाशी धरायच्या आणि मी आतून असा खुश व्हायचो म्हणून सांगू! ज्याने स्वतः भुताचं सोंग उतरवून चहा प्यायलाय, त्याला भुताची भीती कुठून वाटणार? तुमचे या सदरातले अनुभव मी आवडीने वाचतो. जेवताना वाचतो, आणि बायकोला म्हणतो, "यांना रात्री दही खाऊ नका म्हणावं."

तर आता मीच लिहायला बसलोय, आणि ती समोर बसून तांदूळ निवडता निवडता हसते आहे. हसू दे.

झालं ते भर दुपारी झालं. अंधार, पाऊस, कुत्र्याचं रडणं यातलं काहीही नव्हतं. मलाच थोडं वाईट वाटतं, एवढा रंगमंचावरचा माणूस मी, आणि माझ्या वाट्याला आलेला प्रसंग असा बिनपार्श्वसंगीताचा!

साकोलीहून लाखांदूरच्या रस्त्याला लागलात की मध्ये एक मोठं गाव लागतं. गावाचं नाव छापू नका म्हणून तिथल्या कमिटीने मला हात जोडलेत, म्हणून तेवढं राखतो. बाकी सगळं जसंच्या तसं. गावाच्या टोकाला, एका अंगाला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या अंगाला बोडी — म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव — यांच्यामध्ये एक सांस्कृतिक भवन उभं आहे. तुम्ही ते लांबूनच ओळखाल. कारण तसं दुसरं काही पूर्ण भंडारा जिल्ह्यात नाही.

समोर चार जाडजूड खांब, डाळिंबी रंगाचे. त्यातले दोन छताला टेकलेले, आणि दोन टेकायच्या आधीच थांबलेले. हातभर मोकळी हवा, मग छत. त्यांच्यावर एक कमान, ती अर्ध्यातच संपते, जणू कुणी चावून ठेवली. कमानीमागे पवनीच्या स्तूपासारखा घुमट, पण अर्धाच, कलिंगड कापल्यासारखा. त्याच्याखाली कवेलूचं, म्हणजे कौलांचं, उतरतं छप्पर. आणि दाराच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा पडदा! खरोखरचा पडदा बाजूला सारून बांधावा तशा चुण्या, गोंडे, सगळं सिमेंटात.

गावाने काय काय नावं ठेवली! "पुढून महाल, मांगून गोडाऊन." "खांब वरपर्यंत गेले नाई, सिमेंट सरलं का जी?" एका म्हातारबुवाने तर त्या अर्ध्या घुमटाला नमस्कार करून विचारलं, उरलेला कधी येऊन रायला?

हे सगळं जिच्या डोक्यातून निघालं ती प्रज्ञा. आमच्या हिरामणची मुलगी. नागपूरला आर्किटेक्ट आहे. हिच्या हातची ही पहिली मोठी इमारत. मी तिला विचारलं होतं, "बाई, हे खांब काही उचलत नाहीत, मग उभे कशाला?"

"काका, तुम्ही नाटकात राजा होता तेव्हा राज्य कुठे असतं? पण मुकुट घालताच ना? याला पोस्टमॉडर्न म्हणतात. जुनं सगळं परत घ्यायचं, पण थोडं हसत. खरं आणि खोटं शेजारी शेजारी ठेवायचं, लपवायचं नाही."

मला तर एकदम पटलं. मी साकोलीत कापडाचा दुकानदार, घराणं विणकरांचं, पण दिवाळीपासून होळीपर्यंत मी झाडीपट्टीतला खलनायक. खोट्या मिशा लावून खरे शिव्याशाप खाल्लेला माणूस. मला नाही पटणार तर कुणाला?

आता हिरामण.

हिरामण साकोलीच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होता. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारायचा, आणि सीझनमध्ये आमच्या मंडळाचा प्रॉम्प्टर. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे प्रॉम्प्टर म्हणजे कुणी शब्द विसरला तर आठवण करून देणारा माणूस नव्हे. आमच्याकडे तो पूर्ण नाटक वाचतो. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, नटाच्या अर्ध्या वाक्याने पुढे राहून. सीझनमध्ये इतकी नाटकं, इतकी गावं, पाठ कोण करणार आणि कधी? कानाने घ्यायचं आणि तोंडाने द्यायचं. या कामात माझ्या कानाच्या आणि तोंडाच्या मध्ये डोकं येतच नाही. हिरामण म्हणायचा, "सावन्या, तू नळ हायेस. मी टाकी."

माझं नाव श्रावण. सगळा जिल्हा मला श्रावणभाऊ म्हणतो. सावन्या म्हणणारा तो एकटाच.

त्याची कला काय होती, तर आवाज स्टेजवरच्या माणसापर्यंत पोचायचा आणि तिथेच संपायचा. पहिल्या रांगेतल्या माणसालासुद्धा कधी ऐकू आला नाही. प्रत्येक वाक्याआधी तो दातांतून बारीक श्वास आत ओढायचा — स्स्स् — की नटाने समजावं, येतंय. नारळ फोडला की आमच्या मंडळात पहिला तुकडा प्रॉम्प्टरचा. असा त्याचा मान.

इमारत अर्धी झाली तेव्हा मी त्याला स्कूटरवर बसवून दाखवायला नेलं. प्रज्ञा डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून आली, बापाचा हात धरून आत घेऊन गेली. स्टेजवर उभं करून म्हणाली, "बाबा, डावीकडे वर बघा."

प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहिलो की डाव्या हाताला, दीड पुरुष उंचीवर, भिंतीत एक लहानशी खिडकी होती. हिरवी लाकडी दारं, अर्धी उघडी. खाली छोटा कट्टा. अगदी आमच्या जुन्या घरांना असते तशी.

"काय हाय थे?"

"तुमची खिडकी."

हिरामणचा चेहरा असा उजळला! "अन् तेथं जाची वाट कुठून?"

प्रज्ञा थांबली. "वाट नाही बाबा. मागे भिंतच आहे. ती खूण आहे. प्रॉम्प्टर कायम लपलेला असतो, कुणाला दिसत नाही. इथे त्याची जागा सगळ्यांना दिसेल."

हिरामणने उघड्या दारांमधून दिसणाऱ्या विटांकडे पाहिलं.

"म्हंजे जागा दिसते, पन बसता नाई येत."

"बाबा, ती एक प्रकारची गंमत असते, या शैलीत..."

"हव," तो म्हणाला. "सावन्या, चाल. माह्यी ड्यूटी हाय."

ड्यूटी नव्हती. परतीच्या वाटेवर स्कूटरमागून तो एवढंच बोलला, "मी लपून बसत होतो, त्याचं कोनाले वाईट वाटत होतं गा? मले तं कधी नाई वाटलं. आता पोरीनं बापाची गंमत केली. अन् थे बी सिमेंटात."

मी त्याला समजवायचा प्रयत्न केला. खांबांचं सांगितलं, मुकुटाचं सांगितलं. तो म्हणाला, "तू गाडीकडे ध्यान दे."

माझ्या माहितीत त्यानंतर तो तिकडे गेला नाही. प्रज्ञा फोन करायची, तो तब्येत विचारायचा, जेवलीस का विचारायचा आणि फोन बायकोकडे द्यायचा. भवनाचा विषय निघाला की त्याला कुठली तरी गाडी पुकारायची असायची. मग एका सकाळी अंघोळीचं पाणी तापायला ठेवून तो अंगणात खुर्चीवर बसला... आणि पाणी तापून तापून आटलं, तरी उठला नाही.

मयतीला प्रज्ञा रडली नाही. मला जरा भीतीच वाटली तिची. महिनाभरात ती परत साइटवर उभी होती, पिवळं हेल्मेट घालून. इमारत पुरी केली. रंग झाला, खुर्च्या बसल्या. आणि मग एक दिवस तिचा मला फोन.

"काका, मी ती खिडकी बुजवते आहे."

"काहून?"

"त्यांना त्यांची जागा दाखवली आणि बसू दिलं नाही. आमच्यात समोरासमोर शेवटचं बोलणं तेच झालं. तिच्याखाली उभं राहायचं उद्घाटनाला आणि भाषण करायचं? मला नाही जमणार. गवंड्याला सांगितलंय मी."

भवनाच्या कमिटीचे अध्यक्ष या बातमीवर बेहद्द खुश. त्यांना त्या जागी स्वतःच्या फोटोचा बोर्ड लावायचा होता. मी प्रज्ञाला म्हटलं, "एवढं माझं ऐक. बुजवायच्या आधी एकदा नाटक उभं करून बघू. स्टेजवर आवाज कसा लागतो ते तुलाही कळेल. मग बुजव." खरं सांगायचं तर मला नुसता वेळ काढायचा होता. तिचा विचार बदलेल असं वाटलं होतं.

ती बरं म्हणाली. गवंड्याला मात्र तिने तालमीच्याच दिवशी दुपारनंतर यायला सांगून ठेवलं. पोरगी बापावर गेलेली, वेळापत्रकाची पक्की.

सीझन चालूच होता, त्यामुळे नाटक तयारच होतं. माझ्यासोबत शर्वरी. ही पुण्याहून या सीझनपुरती आलेली नटी, पंचविशीची, हुशार, आणि आमच्यात एकटीच संवाद पाठ करणारी. हिरामण गेल्यानंतर ती आली, त्याला तिने कधी पाहिलंही नव्हतं. प्रॉम्प्टिंगला सिहोऱ्याचा केवळराम. आडदांड माणूस, आवाज दणदणीत, स्वभाव तिखट. तो उजव्या विंगेत स्टुलावर संहिता घेऊन बसला. खिडकी डावीकडे, हा उजवीकडे, मध्ये पूर्ण स्टेज. प्रेक्षकांत प्रज्ञा तिसऱ्या रांगेत, आणि अध्यक्ष अगदी मागे, पाय पसरून.

नाटक सुरू झालं आणि प्रज्ञाच्या इमारतीने आम्हाला जी दाखवली ती खरी गंमत! केवळरामचे ओठ हलताना दिसायचे, शब्द कानावर पडायचा नाही. स्टेजवरच्या गोल छताने त्याचा आवाज उचलायचा आणि थेट मागच्या भिंतीला नेऊन आपटायचा. मी कान टवकारून उभा, शर्वरी आपलं बोलून मोकळी, आणि मी नुसता मिशीला पीळ देतोय.

"जरा मोठ्यानं, केवळराम!"

त्याने आवाज चढवला. मागून अध्यक्ष ओरडले, "श्रावणभाऊ, आमाले तुमच्या आंधी त्याचंच ऐकू येऊन रायलं! तुम्ही बसा खाली, त्यालेच करू द्या काम!"

प्रेक्षकाला प्रॉम्प्टर ऐकू येतो आणि नटाला येत नाही. झाडीपट्टीत याहून मोठा अपमान प्रॉम्प्टरचा होऊ शकत नाही. केवळरामने संहिता फाटकन मिटली. "कोनी बांधलं हे? मानसाच्या तोंडातला शब्द पळवते हे बिल्डिंग!" आणि खर्रा, म्हणजे आमच्याकडची सुपारी-तंबाखू, घोटत तो तरातरा बाहेर निघून गेला. बाहेर पायरीवर जाऊन बसला, ते आम्ही उघड्या दारातून सगळ्यांनी पाहिलं. संहिता त्याच्या मांडीवर.

हे लक्षात ठेवा. विंगेत त्या वेळी कुणीही नव्हतं.

प्रज्ञा खाली मान घालून बसली होती. मला तिची कीव आली. म्हटलं, निदान उजेड कसा पडतो ते तरी तिला दाखवू. वरच्या झरोक्यांतून दुपारचं ऊन स्टेजवर तिरपं येत होतं, सुंदर दिसत होतं. शर्वरीला म्हटलं, "बाई, तो खोलीत कोंडल्याचा सीन धर. तू बोल, मी नुसता उभा राहतो."

ती सुरू झाली. माझे हाल करा, पण माझ्या आईला सोडा वगैरे. त्यावर मी हसायचं असतं. हसायला प्रॉम्प्टर लागत नाही. मी खेळण्यातलं पिस्तूल रोखून असा गडगडाटी हसलो की अध्यक्षांनी पाय आखडले.

आणि डावीकडून आलं — स्स्स्.

मग वाक्य. माझंच, त्याच सीनचं. स्वच्छ, माझ्यापुरतं, अर्ध्या वाक्याने पुढे. मी उचललं आणि फेकलं. पुन्हा स्स्स्. पुन्हा वाक्य. पुन्हा फेकलं. तुम्ही म्हणाल, तुम्हाला काहीच वाटलं नाही का? नाही वाटलं! सवयीचा बैल आपोआप गोठ्याकडे वळतो तसा माझा कान त्या आवाजाकडे वळला. उलट बरं वाटलं. अंगात हवा भरल्यासारखं. मी दोन पावलं पुढे आलो, शर्वरीवरून नजर काढली आणि प्रेक्षकांकडे पाहिलं, कारण तिथे तसं पाहायचं असतं. पिस्तूल हातात, मिशी वळलेली, कपाळावर आठ्या.

स्स्स्.

आणि माझ्या तोंडून, त्या खलनायकाच्या तोंडून, निघालं:

"बाई, मी पाहून गेलो. पायटीच येऊन गेलो, मिस्त्री लोक याच्या आंधी. खिडकी बेस हाय. बसाले जागा नाई तं नाई. मी उभा रायतो."

पुढे अजून एक आलं, ते बोलायचं नव्हतं, माझ्यासाठी होतं. मी थांबलो.

थांबलो तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं.

नळाला पाण्याची चव कळत नाही. तसंच होतं ते. वाक्य निघून गेल्यावर मला ते कुणाचं होतं ते उमगलं आणि मी पिस्तूल खाली केलं. प्रज्ञा उभी राहिली होती. मागून अध्यक्षांनी अगदी हळू विचारलं, "हे नाटकात हाय का जी?"

शर्वरी माझ्याजवळ सरकली. "काका, दुसरे प्रॉम्प्टर कोण आहेत? ते वरचे?"

"कोण वरचे?"

"डावीकडचे. छान देत होते. पण शेवटी त्यांनी तुम्हाला थांबायला का सांगितलं? 'थांब, सावन्या' म्हणाले ना. सावन्या कोण?"

माझ्या पाठीवरून... जाऊ द्या. तुम्ही हे सदर वाचता, तुम्हाला माहीत आहे पाठीवरून काय जातं ते.

प्रज्ञा स्टेजवर चढून आली. सरळ त्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली, मान वर करून. बाहेर कुठे तरी धानाची मळणी चालू होती, तिचा आवाज तेवढा. ती तशीच उभी. ऊन सरकून तिच्या पायाशी आलं. काही नाही. विटा, हिरवी दारं, आणि काही नाही.

"मला नाही येत ऐकू," ती म्हणाली.



"मी त्यांचं प्रॉम्प्टिंग कधी ऐकलंच नाही, काका. लहानपणी प्रत्येक नाटकाला न्यायचे मला, पण समोर बसवायचे. म्हणायचे, तुला ऐकू आलं तर माझं काम वाया गेलं." मग ती वळली. "काय म्हणालात तुम्ही? परत म्हणा."

मी तोंड उघडलं.

आणि काही आलं नाही. एक शब्द नाही. आयुष्यभर मी कधी काही पाठ केलं नाही, मंडळी. वाक्य आलं, गेलं, संपलं. पुढच्या वाक्याला जागा करायची असते. कुणीतरी येऊन गेलं, कुणीतरी उभं आहे, एवढाच धूर माझ्या डोक्यात उरला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी, आणि मी मिशी लावलेला रिकामा नळ.

"बाई, माझ्या ध्यानात नाही," मी म्हटलं. "मला दिल्याशिवाय येत नाही."

ती मागे सरकली. मग खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, नजर खाली, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "बाई, मी पाहून गेलो."

मी समोर बघून म्हटलं, "बाई, मी पाहून गेलो."

"पायटीच येऊन गेलो. मिस्त्री लोक याच्या आंधी."

तिला एकूण एक शब्द पाठ झाला होता, पहाटेला पायट म्हणणाऱ्या बापाच्या बोलीसकट. नागपूरला गेल्यापासून ती बोली तिच्या तोंडून मी ऐकली नव्हती. ती देत गेली, मी रिकाम्या खुर्च्यांना सांगत गेलो. शेवटच्या वाक्याशी ती अडली. मी वाट पाहिली. नटाने वाट पाहायची असते, मध्ये स्वतःचं घालायचं नसतं. शर्वरी तोंडावर हात धरून उभी होती. दारात केवळराम आला होता, तोंडातला खर्रा तसाच.

"मी..." तिने दिलं. "मी उभा रायतो."

"मी उभा रायतो," मी म्हटलं, आणि त्या इमारतीत पहिल्यांदा माझा आवाज नीट लागला.

तेव्हा ती रडली. मयतीचं, मधल्या महिन्यांचं, सगळं एकदम. मी शर्वरीला खूण केली, तिने तिला धरलं.

गवंडी वेळेवर आला. हातात घमेलं आणि थापी. "मॅडम, माल कालवू का?"

"नको."

"मंग उद्या येऊ?"

"उद्याही नको."

त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते आपले खुर्चीचं हँडल पुसत बसले. त्यांच्या बोर्डाचा विषय त्या दिवसापासून कुणी काढलेला नाही.

आता स्पष्टीकरणं. मी दुकानदार आहे, माल उलटून पालटून बघितल्याशिवाय घेत नाही. नागपूरहून आवाजाचा जाणकार आला, त्याने टाळ्या वाजवल्या, फुगे फोडले, मशीन लावलं. केवळरामचा त्रास त्याने सोडवला. गोल छताखाली जाड कापड सोडायला सांगितलं, कापड अर्थातच माझ्या दुकानातून गेलं. पण डाव्या कोपऱ्याबद्दल तो म्हणाला, तिथून स्टेजवर काहीही परत येत नाही, तो कोपरा मुका आहे. खिडकीमागे पूर्ण जाडीची भिंत. भिंतीमागे सरळ खाली बोडीचं पाणी, उभं राहायला बोटभर कड नाही.

बायकोचं म्हणणं वेगळं. "तीस वर्षं त्याचा आवाज कानात. तुमच्याच मनात होतं ते तुम्ही बोललात. पोरीचं दुःख बघवलं नाही तुम्हाला." असेल. मी स्वतःला ओळखतो, मी तेवढा नाटकी आहेच. पण मग शर्वरी? तिला 'सावन्या' कुणी सांगितलं? बायको म्हणते, "ती नटी आहे." म्हणजे काय, ते ती सांगत नाही, आणि तांदूळ निवडायला लागते.

एक गोष्ट मात्र तपासता आली असती. हिरामण खरंच पहाटे तिकडे जाऊन आला होता का? साकोलीहून पहिली गाडी त्याच्याच हाताखालून सुटायची. कंडक्टर आहेत, गावात पहाटे बांधीवर जाणारी माणसं आहेत, साइटवर झोपणारा चौकीदार अजून तिथेच आहे. चार जणांना विचारलं असतं तर कळलं असतं. उद्घाटनाच्या दिवशी मी तयारच होतो. चौकीदार समोर दारात उभा होता, पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होता. मी त्याच्याकडे निघालो, तर प्रज्ञाने माझी बाही धरली.

"काका, नका विचारू."

"का बाई? एकदा कळलं तर बरं नाही का?"

तिने त्या चौकीदाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आणि तो नाही म्हणाला तर?"

मी परत फिरलो. अजून विचारलेलं नाही. चौकीदार मला प्रत्येक प्रयोगाला नमस्कार करतो, मी पण करतो, आणि आत जातो.